टाळूचं ऑपरेशन: फर्लो की दोन फ्लॅप?

प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. ओठ चांगला आहे, पण टाळू मागून फाटलेली आहे, दूध नाकातून येतं. नाशिकच्या एका सर्जननी ‘दोन फ्लॅप’ पद्धत सांगितली, दुसऱ्यांनी ‘फर्लो’. कागदावर ‘मऊ टाळू आणि कडक टाळूचा मागचा एक-तृतीयांश भाग, रुंदी ८ मिमी’ असं लिहिलंय. वजन ७.२ किलो, हिमोग्लोबिन ९.४. सासूबाई म्हणतात, टाळू दीड वर्षापर्यंत आपोआप भरते, पोरीला कशाला कापता? ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं, हेही रोज ऐकते. कोणती पद्धत घेऊ? आत्ता करू की थांबू? आणि ती नीट बोलेल ना?
— एक आई, सिन्नर

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं बघू, कारण घरात एकमत नसलं की ऑपरेशनची तारीख तीन-तीनदा पुढे जाते. दीड वर्षापर्यंत टाळू भरते हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण ती डोक्यावरची टाळू, जिथे आपण तेल घालतो. तोंडातल्या छतालाही मराठीत टाळूच म्हणतात आणि घोळ तिथून होतो. तोंडातली टाळू गर्भात साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जुळायची असते. तेव्हा जुळली नाही तर जन्मानंतर एक मिलिमीटरही जुळत नाही, मूल वाढतं तशी फटही सोबत राहते. ग्रहणाचा आणि विळीचा तर काहीच संबंध नाही. कितीतरी बायकांना दिवस गेल्याचं नीट उमगायच्या आत ते आठवडे निम्मे सरलेले असतात. सासूबाईंना एकदा बॅटरीच्या उजेडात फट दाखवा आणि मग त्यांचाच हात धरून बाळाच्या डोक्यावरची टाळू दाखवा. वाद घालण्यापेक्षा हे लवकर पटतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो थोडा फिरवून विचारावा असं आम्ही सुचवू. दोन्ही सर्जनना ‘पद्धत कोणती?’ याच्या आधी ‘स्नायूंचं काय करणार?’ हे विचारा.

मऊ टाळूत एक स्नायू असतो, टाळू उचलणारा. वैद्यकात त्याला लिव्हेटर म्हणतात. चांगल्या टाळूत उजवीकडचा आणि डावीकडचा मधोमध भेटून आडवी झोळी करतात. ‘बाबा’ म्हणताना ही झोळी वर आणि मागे उचलली जाते, घशाच्या मागच्या भिंतीला टेकते आणि नाकाची वाट बंद होते. हवा तोंडात साठते, ओठ उघडले की ‘ब’ फुटतो. फाटलेल्या टाळूत हे स्नायू आडवे नसतातच. ते मागून पुढे धावतात आणि कडक टाळूच्या हाडाच्या मागच्या कडेला चिकटलेले असतात. म्हणजे नुसत्या फटीच्या कडा ओढून शिवल्या तर तोंडात बघणाऱ्याला टाळू छान बंद दिसेल, दूध नाकातून यायचं थांबेल, घरचे पेढे वाटतील आणि चार वर्षांनी मुलगी नाकात बोलेल. हाडाच्या कडेवरून स्नायू सोडवून घेणं, आडवे फिरवणं, मागे सरकवणं आणि मध्यावर एकमेकांना शिवणं, हे ऑपरेशनचं खरं काम. क्रीन्स नावाच्या सर्जननी १९६९ साली हा मुद्दा ठासून मांडला. पुढे ब्रिटनच्या सॉमरलॅड यांनी मायक्रोस्कोपखाली हेच काम आणखी खोलवर, आणखी नीट करायची रीत घालून दिली.

या डोळ्यांनी आता दोन्ही पद्धती बघा.

दोन फ्लॅपची पद्धत बार्डाख यांच्या नावाने ओळखली जाते. कडक टाळूवरची कातडी हाडाच्या आवरणासकट दोन्ही बाजूंनी उचलतात आणि हिरडीच्या आतल्या कडेने चिरा देऊन त्या पट्ट्या, म्हणजेच फ्लॅप, मध्याकडे आणतात. ही पट्टी शेवटच्या दाढेच्या जागेजवळ हाडातल्या भोकातून येणाऱ्या एकाच मोठ्या धमनीवर जगते. ती सांभाळली तर पट्टी खुशाल सरकते, दुखावली तर पट्टीचं टोक काळं पडू शकतं. फायदा असा की रुंद फटसुद्धा ताण न देता बंद होते. तोटा असा की बाजूला हाडाचा थोडा भाग उघडा राहतो, तिथे व्रण धरतो आणि वरच्या जबड्याच्या वाढीला तो थोडाफार आवर घालतो. जुनी लांगनबेक पद्धत, १८६१ सालची, हिचीच थोरली बहीण. तिच्यात पट्टी पुढूनही जोडलेली राहते. मध्यंतरी टाळू मागे ढकलून इंग्रजी व्ही-वायच्या आकारात शिवण्याचा बराच प्रघात होता. त्यात पुढचं हाड फार उघडं पडायचं, म्हणून अनेकांनी ती सोडली. तुम्हाला कोणी ‘पुशबॅक’ म्हटलं तर का, असं जरूर विचारा.

फर्लो यांची पद्धत मुख्यतः मऊ टाळूची. तोंडाच्या बाजूने एक झेड आणि नाकाच्या बाजूने त्याच्या उलटा झेड, अशा चिरा देतात. चार त्रिकोण तयार होतात. ज्या दोन त्रिकोणांची बैठक मागे असते त्यांत स्नायू ठेवतात, पुढे बैठक असलेल्या दोघांत नुसतं अस्तर. अदलाबदल करून शिवलं की दोन्ही स्नायू आपोआप आडवे होऊन एकमेकांवर चढतात आणि टाळूची लांबीही वाढते. चोळीच्या काखेत कळी घालून कापड मोकळं करतात ना, तसला हिशेब. पण कापड कुठून तरी यावं लागतं. इथे लांबी मिळते ती रुंदीतून. म्हणून फट रुंद असेल तर ताण येतो, आणि ताण आला की कडक आणि मऊ टाळूच्या सांध्यावर भोक राहतं. साधारण ८ ते १० मिमीच्या पुढे बरेच सर्जन निव्वळ फर्लो टाळतात किंवा बाजूला सैल करणाऱ्या चिरा देऊन करतात.

तुमच्या मुलीची फट ८ मिमी, म्हणजे नेमकी कुंपणावर. म्हणूनच दोन जाणत्यांनी दोन उत्तरं दिली. दोघांत कोणीतरी चुकतंय असं मुळीच नाही. शिवाय या दोन पद्धती एकमेकींच्या सवती नव्हेत: पुढे कडक टाळूला फ्लॅप आणि मागे मऊ टाळूला फर्लो, किंवा फ्लॅपसोबत स्नायूंची पूर्ण मांडणी, असं एकाच ऑपरेशनात करतात. तेव्हा दोघांनाही हेच तीन प्रश्न विचारा. दोन फ्लॅपमध्ये स्नायू पूर्ण सोडवून मागे नेणार ना? फर्लो करताना सांध्यावर ताण आला तर पुढची तयारी काय? आणि तुमच्याकडे टाळूची किती ऑपरेशनं होतात, किती मुलांना भोक राहतं, किती जणांना पुढे बोलण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागतं? ज्यांच्याकडे तिसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर आहे, ते आपल्या मुलांचं बोलणं पाच वर्षांनी तपासून ठेवतात, एवढं नक्की. आम्ही निवड त्यावर करू, पद्धतीच्या नावावर करणार नाही. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, त्यांनी तीच करावी.

आता वेळ. २०२३ साली ब्रिटन, स्कँडिनेव्हिया आणि ब्राझीलमधल्या २३ केंद्रांच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. फक्त टाळू फाटलेल्या, बाकी निरोगी अशा ५५८ बाळांना सहा महिने किंवा बारा महिने अशा दोन गटांत वाटलं होतं. पाच वर्षांचे झाल्यावर नाकाची वाट नीट बंद न होणारी मुलं पहिल्या गटात ८.९ टक्के निघाली, दुसऱ्यात १५ टक्के. म्हणजे लवकर केलेलं बोलण्याला बरं. पण तिथे प्रशिक्षित भूलतज्ज्ञ आणि रात्रभर देखरेख गृहीत होती. आपल्याकडे ९ ते १२ महिने ही बऱ्याच ठिकाणची रीत आहे. मुलगी दहा महिन्यांची आहे, म्हणजे उशीर झालेला नाही, पण दीड वर्षाची वाट बघायचंही कारण नाही. त्या वयात मूल शब्द पकडतं आणि फुटक्या टाळूने चुकीच्या जागेवरून आवाज काढायची सवय लावून घेतं. ती सवय ऑपरेशनने जात नाही.

अडतंय ते हिमोग्लोबिनवर. ९.४ ला बहुतेक भूलतज्ज्ञ थांबवतील, किमान १० मागतील. ते बरोबरही आहे: टाळूला रक्त भरपूर, ऑपरेशनात थोडं जातंच, आणि अशक्त रक्तावर टाके नीट धरत नाहीत. वजन कमी बाजूला आहे, पण या वयाच्या मुलीसाठी कमी वजनाची रेषा ६.७ किलोच्या आसपास येते, तिच्या ती वर आहे. म्हणजे वजनावाचून अडणार नाही. बाळाला अंगावर ओढता येत नाही म्हणून घरोघरी गाईचं किंवा म्हशीचं दूध सुरू होतं आणि त्यात लोह जवळजवळ नसतं. तुमच्याकडेही तसं असेल तर दूध आवरतं घ्या. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब दुधासोबत देऊ नका, दोन दुधांच्या मधे द्या, लिंबाचे चार थेंब टाकलेल्या पाण्यासोबत चालतील. शी काळी होईल, घाबरू नका. चार आठवड्यांत साधारण एक ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं तर थेंब वाढवत बसण्यापेक्षा सिकल सेल आणि थॅलेसीमियाची तपासणी करून घ्या.

याच महिन्यात आणखी दोन गोष्टी उरका. एक, हृदयाची टू-डी एको. ओठ चांगला आणि फक्त टाळू फाटलेली, अशा मुलांत दुसरे जन्मजात दोष जरा जास्त सापडतात. हनुवटी फार बारीक असेल, उताणी झोपल्यावर घोरत किंवा श्वास अडवत असेल, तर हेही भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, त्याने ऑपरेशनची वेळ बदलू शकते. दोन, कान. टाळूचाच एक स्नायू कानाची नळी उघडतो. तो जागेवर नसल्यामुळे या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, जवळपास सगळ्यांच्याच. बेरा (ऐकू किती येतं ते पाहणारी तपासणी) आणि टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते पाहणारी) करून घ्या. पाणी जास्त असेल तर त्याच भुलीत पडद्यात बारीक नळी, ग्रोमेट, बसवता येते. ऐकू कमी आलं तर बोलणं मागे पडतं आणि मग दोष टाळूच्या माथी जातो.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवण्याचं वेळापत्रक साधारण असं: बाहेरचं दूध आणि पेज सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. आजीने प्रेमाने भरवलेला एक चमचा पेजेनेही दिवस वाया जातो. नाकातून पिवळं-हिरवं घट्ट येतंय, ताप आहे, छातीत घरघर आहे, तर स्वतःहून सांगा आणि दोन ते चार आठवडे पुढे ढकला. नुसतं पातळ पाणी आणि दुधाचे कण नाकातून येणं हे या मुलांचं रोजचंच, ती सर्दी नव्हे.

आत काय होतं ते थोडक्यात. खांद्याखाली गुंडाळी देऊन मान मागे करतात, तोंड उघडं धरायला चौकट बसवतात, घशात पट्टी ठेवतात. रक्त कमी जावं म्हणून दोन लाखांत एक भाग ॲड्रिनलिन असलेलं इंजेक्शन टाळूत देतात आणि काही मिनिटं थांबतात. मग नाकाकडचं अस्तर, स्नायू आणि तोंडाकडचं अस्तर, असे तीन थर विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. दीड ते दोन तास लागतात. चौकटीने जीभ दाबली जाते म्हणून ती सुजू शकते, आणि नाकाची वाट अचानक अरुंद झालेली असते. पहिल्या रात्रीचा धोका तोच. म्हणून विचारून ठेवा: रात्रभर बोटाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लावणार ना, आणि लहान मुलांची भूल देणारे डॉक्टर रात्री रुग्णालयात आहेत का? बाहेर आणल्यावर जिभेतून आलेला एक लांब दोरा गालाला चिकटवलेला दिसेल. श्वास अडला तर जीभ पुढे ओढायला तो असतो, बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात. बाळाला कुशीवर ठेवा.

घरी आल्यावर काय बघायचं? लाळेत गुलाबी छटा एक-दोन दिवस चालते. लालभडक रक्त, गुठळी, किंवा बाळ सारखं गिळतंय आणि मग काळपट उलटी, असं झालं तर फोन करत बसू नका, निघा. सहा तासांत लघवी नाही, तरी निघा. सिन्नरहून तुम्हाला तासाभरात पोचता येईल. पेठ-सुरगाण्याकडच्या घरांना आम्ही पहिला आठवडा नाशिकमध्येच नातेवाइकांकडे राहायला सांगतो.

आणि बॅटरी लावून आत बघाल तर हिरडीलगत दोन्ही बाजूंना पिवळट-पांढरे चट्टे दिसतील. ‘पू झालाय’ म्हणून मध्यरात्री रुग्णालय गाठणारे पालक पुष्कळ. तो पू नव्हे, सैल केलेल्या चिरांवरची खपली आहे. तोंडात खपली ओली राहते म्हणून पांढरी दिसते. दोन-तीन आठवड्यांत गुलाबी होते. खरवडायचं नाही, हळद-मध लावायचा नाही.

पॅरासिटामॉलची बाटली मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. या वजनाला एका वेळी साधारण १०० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत ते सहसा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपात ५ मिलीत १२० किंवा २५०. सिरपाच्या हिशेबाने थेंब दिले तर दोन ते चार पट औषध पोटात जातं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मिलिग्रॅम लिहून घ्या आणि दुकानदाराला बाटलीवर मिलीची खूण करायला लावा.

तीन आठवडे सगळं गाळलेलं, पातळ, कोमट. नागलीच्या सत्त्वाची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, गाळलेली मऊ खिचडी, ताक. बिस्कीट, पोळीचा तुकडा, चिवडा नको. घरात जुनं बोंडलं असेल तर काढा, नाहीतर वाटी-चमचा. चमचा आत खुपसायचा नाही, खालच्या ओठावर आडवा टेकवून ओतायचा. प्रत्येक भरवण्यानंतर दोन चमचे पाणी, म्हणजे टाक्यांवर काही चिकटून राहत नाही. निपल कधी सुरू करायचं यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, तुमचे सर्जन म्हणतील ते. कोपर वाकू नये म्हणून हाताला पट्ट्या बांधतात, त्याने भोक टळतं असं काही सिद्ध झालेलं नाही. पण ताटातला चमचा आणि पेन तिच्या हाती लागू देऊ नका.

भोक राहिलंच तर ते बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळतं, पातळ पदार्थ नाकातून परत दिसायला लागतात. कारणं तीच: ताण, आत साठलेलं रक्त, जंतुसंसर्ग, काहीतरी टोचणं. लगेच पुन्हा शिवायला जायचं नसतं. व्रण मऊ पडायला निदान सहा महिने द्यावे लागतात. बारीक भोकं त्या काळात आणखी आक्रसतात, काही तर त्रासही देत नाहीत.

खर्चाचं: आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंग ओठ-टाळू येते. अंगणवाडीताईंकडून पथकाची वेळ घ्या किंवा थेट जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. स्माइल ट्रेन या संस्थेच्या भागीदार रुग्णालयांत ऑपरेशन मोफत होतं. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. मोफत म्हणजे कमी दर्जाचं असं समजू नका, वरचे तीन प्रश्न तिथेही तसेच विचारा.

राहिलं बोलणं. बहुतेक मुलं नीट बोलतात. आज तुमची मुलगी ‘बाबा’ला ‘मामा’ म्हणत असेल, कारण ‘म’ नाकातूनच येतो आणि ‘ब’साठी हवा साठत नाही. ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांत प, ब, त, ट कानावर पडायला हवेत. तुम्ही तोंड तिच्यासमोर धरून हेच आवाज खेळवा. फुगे, शिट्टी, बासरी फुंकायला देण्याचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. त्याने फुंकणं सुधारतं, बोलणं सुधारत नाही. स्पीच थेरपिस्टना दीड वर्षाची असताना एकदा दाखवाच. ‘काका’ऐवजी गळ्यात अडकल्यासारखं ‘आ-आ’ येत असेल तर ती सवय आहे, थेरपीने जाते. ‘काका’ जागेवरून येतोय पण हवा नाकातून गळतेय, तर ते टाळूचं काम आहे आणि थेरपी कितीही केली तरी पुरत नाही.

हा फरक घरी ताडायचा असेल तर ती साडेतीन-चार वर्षांची झाल्यावर छोटा थंड आरसा घ्या. तिला ‘बाबा, पाट टाका’ असं पाच-सहा वेळा म्हणायला लावा. यात नाकातलं एकही अक्षर नाही. ती बोलायला लागल्यावर आरसा नाकाखाली धरा आणि ती थांबायच्या आत काढा, नाहीतर साध्या श्वासाचीच वाफ धरेल. वाफ पुन्हा पुन्हा दिसली तर शाळेत घालायच्या आधी, चार ते पाच वर्षांच्या वयात, नाकातून दुर्बीण घालून टाळू किती उचलते ते बघून घ्या. मग पुन्हा फर्लो, की घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी, हे त्या दुर्बिणीत दिसणाऱ्या फटीवरून ठरतं.